गाभारा धुतला, चोर सुटला

गल्लीकरांनो, चौकातल्या फळ्यावरचा सुविचार पुसून आज मी लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

सकाळी आपल्या देवळाचं कुलूप तुटलेलं दिसलं. देवीचा चांदीचा मुखवटा गेला होता. गाभाऱ्यात चिखलाच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. "कशाला हात लावू नका," असं दहादा बजावून मी पोलीस चौकीकडे पळालो.

तासाभरानं हवालदाराला घेऊन आलो, तर फरशी लख्ख! गोमूत्र शिंपडून झालेलं, तुटकं कुलूप कचऱ्यात. देवळाचे मुख्य पंच अण्णा उलट माझ्यावरच खेकसले, "चोराच्या बुटाचे ठसे देवीपुढं तसेच ठेवायचे व्हय? गाभारा बाटला होता की!"

हवालदारानं कपाळावर हात मारला. "आता पंचनामा कशाचा करू? मुखवट्याचा फोटो तरी द्या."

फोटो कुठला? देवीचा फोटो काढायचा नाही, हा आपलाच नियम. ट्रस्टच्या कागदांतही मुखवट्याचं वर्णन नाही.

"मग तोंडी सांगा," हवालदार म्हणाला.

"कपाळावर चंद्रकोर हाय," अण्णा म्हणाले.

"न्हाय, नुसता टिळा हाय," पुजारी म्हणाला.

आणि मी? दर मंगळवारी आरतीला पुढं उभा राहतो मी, पण कुंकवाखाली काय आहे ते कधी पाहिलंच नाही.

तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? छातीवर हात ठेवून सांगा. आपण सगळे डोळे मिटून हात जोडणारे. देवीकडे डोळे उघडून बघणारा एकच आला, आणि तो तिला घेऊन गेला.