वेखंडाचे रविवार

जून १९९१, दुसरा रविवार, सकाळ. जळगाव, मेहरूणमधलं आमचं घर. हजर: सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, दोंडाईच्याहून आलेले मोठे दीर म्हणजे नाना, मी, आणि माझी सात वर्षांची मुलगी. तिचे वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर.

मुलगी बोलत नव्हती. ऐकू नीट यायचं, कळायचंही. ऑटिझम हा शब्द आमच्यापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं लागली. तोवर औषध एकच: दर रविवारी वेखंड मधात उगाळून तिच्या जिभेवर चोळायचं. मी हात धरायचे, अक्का चोळायच्या. दोन वर्षांत एकही रविवार चुकला नाही. कॅलेंडरवर खूण मीच करायचे.

त्या दिवशी अक्का उगाळायला बसल्या तशी ती उठली. वेखंडाचं कांडं उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अक्कांनी ते आत आणलं. तिने पुन्हा बाहेर ठेवलं. तिसऱ्यांदा सहाणच नेली, दोन्ही हातांनी, धापा टाकत.

“चाळा करी ऱ्हायनी ती, दुसरं काय शे?” अक्का म्हणाल्या.

“तिला नकोय,” मी म्हणाले.

नाना हसले. “नको असेल तर तसं सांगेल की.”

“तीनदा सांगून झालं, नाना.”

“अगं, बोलायला लागावी म्हणूनच करतोय ना?”

“सांगते ते ऐकायचं नाही, आणि वर बोल म्हणायचं.”

अक्कांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. सहाण मी आत आणली, ती देवाच्या चंदनापुरती. वेखंड बंद झालं ते कायमचं.

त्याच आठवड्यात मी एक शंभर पानी वही सुरू केली. डावीकडे ती काय करते, उजवीकडे त्याचा अर्थ. चप्पल माझ्या पायाशी आणली: बाहेर जायचं. ताटात वाटी पालथी: पुरे. पाहुण्यांसमोर पंखा बंद: फार वेळ झाला. हे वाचल्यावर नाना पुढच्या खेपेला तासाभरात उठले. “मुकी” म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी ती वही देते. वाचा आणि शिका, म्हणते.

ती आता पंधरा वर्षांची आहे. एका ओळीत उजवी बाजू अजून कोरी आहे. कधीकधी ती माझी करंगळी धरून आपल्या कानामागे टेकवते आणि माझ्याकडे बघत थांबते. दुखत नाही, डॉक्टरांना दाखवलंय. अर्थ लावायचा राहिलाय.