शैलाताई थांबायच्या

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. आमच्या नाटकातल्या पाटकरांचा फोन. माजिवड्याला मुलीकडे होत्या, झोपेतच गेल्या म्हणे. बायकोला सांगितलं, तर ती हातातली भाजी तशीच ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. 

शैलाताई म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या ज्येष्ठांच्या नाट्यवर्गाच्या प्रॉम्प्टर. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर संहिता घेऊन विंगेत उभ्या राहिल्या. सत्तरीतल्या नटांना वाक्यं कुठली आठवायला? आमचं अख्खं नाटक त्यांच्या कुजबुजीवर चालायचं. मी तिथे गेलो तो बायकोने ढकललं म्हणून. एके काळी युनियनच्या सभा गाजवणारा माणूस मी. पॅरालिसिसचा झटका आला, हातपाय सावरले, जीभ मात्र अडली. शब्द डोक्यात लख्ख दिसायचा आणि तोंडात यायचा नाही. त्यात लोक भारी दयाळू! मी तोंड उघडलं की घरात कुणी चहा म्हणणार, कुणी पंखा, कुणी पेपर. रिक्षात तेच, भाजीवाल्याकडे तेच. माझी वाक्यं दुसरेच पुरी करायचे आणि तीही बहुतेक चुकीची. रागारागाने मी बोलणंच सोडून दिलं होतं.

वर्गात मी बिनबोलाचं काम मागितलं, एखादा पहारेकरी वगैरे. शैलाताईंनी दिग्दर्शकाच्या मागे लागून मला चक्क बापाचं काम द्यायला लावलं. मुलगा घर विका म्हणतोय आणि म्हातारा हटून बसलाय, असं नाटक. तालमीत मी अडलो की सगळे विंगेकडे बघायचे आणि शैलाताई गप्प! इतरांना चटकन शब्द देणारी बाई माझ्या वेळी कागद छातीशी धरून उभी. शेवटी माझं डोकं फिरलं. तोडक्यामोडक्या शब्दांत त्यांच्याशी भांडलो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं वाक्य मला पाठ आहे हो. पण बोलायचं तुम्हाला आहे. मी थांबते."

प्रयोगाला कल्याणचा हॉल भरलेला. माझं मुख्य वाक्य होतं, 'हे घर मी विकणार नाही.' 'विकणार'पर्यंत झोकात आलो आणि पुढचा 'नाही' गायब! मराठीत नकार शेवटी येतो, हा केवढा घात… मुलगा झालेले पाटकर गोंधळले आणि सही घ्यायला पेन पुढे करू लागले. पहिल्या रांगेत बायकोने पदर तोंडाशी नेलेला. मी विंगेकडे पाहिलं. शैलाताईंचे ओठ मिटलेले, पण चेहऱ्यावर काळजी म्हणून नाही. नेहमीच्या बसची वाट बघावी तशा उभ्या होत्या. ते बघून धीर आला आणि मग 'नाही' असा गरजत आला की पाटकरांच्या हातातलं पेनच पडलं. लोकांना वाटलं, काय पॉज घेतला गड्याने! टाळ्या संपेनात. शैलाताईंनी फक्त पुढचं पान उलटलं.

त्यानंतर मी पुन्हा बोलायला लागलो, भांडायलासुद्धा. औषधं होती, व्यायाम होता, सगळं खरं. पण माझी वाक्यं मला परत मिळाली ती या बाईमुळे, आणि तीही तिने एक शब्द न देता. हे ऋण मी मिरवतो.

परवा दुपारी जेवताना काहीतरी मागायला गेलो आणि अडलो. बायकोचा हात लोणच्याच्या बरणीवरच होता. माझी नजर कुठे आहे ते तिला सरळ दिसत होतं. पण तिने बरणी पुढे केली नाही. भात निवत चालला, तरी ती माझ्याकडे बघत राहिली.

"लोणचं," मी म्हणालो.

तिने फोड वाढली आणि खाली बघत म्हणाली, "शैलाताई आपल्या घरी कधी आल्याच नाहीत, नाही हो?"

"आल्या की," मी म्हणालो. या वेळी अडलो नाही.