गिरणीवाला नितीन

या सदरातले अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो. भूत, भानामती, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नाही. आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्यासमोर घडलं.

माजलगावात नुकतंच इंटरनेट आलं होतं. माझ्या चुलतभावाने, बाळूदादाने, बसस्टँडसमोर प्लायवुडचे आडोसे करून तीन कॉम्प्युटर मांडले होते. मी आणि रेखा तेव्हा सातवीत. रेखाच्या वडलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दुकान. त्यांना कळलं असतं तर तिची शाळाच बंद झाली असती. तरी शाळा सुटली की आम्ही दादाकडे जायचो.

तिथे चॅटवर रेखाला ‘नितीन’ भेटला. तोही सातवीत, गाव धर्मापुरी, वडलांची पिठाची गिरणी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. रेखाने त्याला सांगितलं, की मला चष्मा लागलाय, पण पोरं चिडवतात म्हणून दप्तरातच ठेवते. त्याने लिहिलं, "लाव की. चांगली दिसशील." रेखा कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर वर्गात तिचं लक्षच नसायचं.

मला मात्र पहिल्यापासून संशय. धर्मापुरीला माझी मावशी राहते. त्या गावात तेव्हा फोन सापडणं मुश्किल, तिथे नेट कुठून येणार? मला वाटलं, हा बाळूदादाच. पलीकडच्या कॉम्प्युटरवरून मजा घेतोय. एकदा बाकीचे दोन्ही बंद होते आणि दादा समोरच्या टपरीवर चहा पीत होता. मी त्याच्यावर नजर ठेवून रेखाला म्हणाले, "आता विचार काहीतरी." तिने विचारलं. लगेच उत्तर आलं.

मग मी वर्गातल्या पोरांवर पाळत ठेवली. तिथेही काही हाती लागलं नाही.

त्याच सुमारास मावशीच्या नातवाचं बारसं निघालं. मी हट्टाने रेखालाही सोबत नेलं. म्हटलं, होऊन जाऊ दे खरं-खोटं.

बारशाची जेवणं चालू असताना आम्ही गिरणी शोधत गेलो. पट्ट्याचा नुसता खडखडाट. आत एक पोरगा दळण घालत होता, भुवयांपर्यंत पिठाने पांढरा. आम्हाला बघून त्याच्या हातातलं सूप खाली पडलं.

"रेखा?" तो म्हणाला. "चष्मा दप्तरातच ठेवला का गं?"

रेखाने माझा दंड धरला. मी पुढे झाले. "कॉम्प्युटर कुठं हाय तुझा?"

"कसला?"

"चॅटिंग कुठून करतोस? खरं सांग. कुणी शिकवलं तुला हे?"

त्याने पडलेलं सूप उचललं. मग खाली मान घालून म्हणाला, "कॉम्प्युटर मी पेपरातच बघितलाय. मला वाटलं... मी मनातच बोलतोय. शाळा सुटली की इथं या आवाजात कुणाशी बोलता येत न्हाई. म्हणून एक मैत्रीण मनात धरली हुती. ती खरी असल असं वाटलं न्हाई."

मी त्याला आणखी खोदून विचारणार होते, पण रेखा मध्येच म्हणाली, "पुन्हा बोलशील?"

त्याने मान डोलावली. तेवढ्यात त्याच्या वडलांनी हाक मारली आणि आम्ही निघालो. परत येताना बसमध्ये मी मावशीपासून दादापर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन पाहिला. पण चष्म्याचं मावशीला कुठे माहीत होतं? रेखा खिडकीबाहेर बघत बसली होती.

त्यानंतर चॅटवर नितीन कधीच आला नाही. रेखाने कितीदा लिहून बघितलं. शेवटी तिने दादाकडे येणंच सोडलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग एके दिवशी भूगोलाच्या तासाला ती आपल्या आपणच हसली. डोळ्यांवर चष्मा होता.

"कावून हसतेस?" मी विचारलं.

"त्यांच्या म्हशीला रेडकू झालं," ती हळूच म्हणाली. "कपाळावर पांढरा ठिपका हाय म्हणतो."

"कोण म्हणतो?"

ती चष्मा वर सरकवून फळ्यावरचं वहीत उतरवायला लागली.

काही दिवसांनी मावशी दवाखान्यासाठी माजलगावला आली. मी सहज विचारल्यासारखं करून गिरणीवाल्यांच्या म्हशीचा विषय काढला.

"व्याली की. लई गोड रेडकू हाय, कपाळावर चांदणी," मावशी म्हणाली, आणि थबकली. "तुला गं कुणी सांगितलं?"

मी घाईघाईने विषय बदलला. कुणी निरोप आणला असेल का, कुणाचा फोन आला असेल का, सगळं तपासून झालं. इतक्या वर्षांनंतरही मी अधूनमधून एखादा नवा संशय काढून बघते. तोही टिकत नाही. रेखाला विचारलं तर ती म्हणते, "दहावीपर्यंत बोलायचो आमी. मग आपोआप कमी झालं, शाळेतल्या मैत्रिणींचं होतं तसं."

खुलासा मलाच लागतो. तिला तो कधी लागलाच नाही.