घारीचा कललेला पंख

शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो. भरतकामाचं मशीन मात्र अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत अजून चालवतो. शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटरवाली मशीनं आहेत. माझं पायाचं. सुई जागच्या जागी वरखाली होते, रिंगमध्ये ताणलेलं कापड आपण हाताने फिरवायचं.

मध्यंतरी आमचे व्याही मुलुंडहून गाळ्यावर आले. ते एअर फोर्समध्ये विमानांचे मेकॅनिक होते. रुमालात गुंडाळून त्यांनी एक कापडी बिल्ला आणला होता. निळ्यावर पांढरी घार, त्यांच्या स्क्वाड्रनची निशाणी. कसरीने निम्मा खाल्लेला. स्क्वाड्रन कधीच मोडली, विमानं भंगारात गेली. येत्या रविवारी जुने सोबती जमणार होते, जेवढे उरलेत तेवढे. यांना जाकिटावर तो बिल्ला हवा होता. नवा, पण तोच.

जुन्या बिल्ल्यात घारीचा डावा पंख खाली कलला होता. म्हटलं, कुणीतरी घाईत उरकलंय. मी दोन्ही पंख सारखे काढले. घार झकास झाली.

व्याह्यांनी ती पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"काम उत्तम आहे तुमचं. पण ही आमची घार नव्हे."

मग सांगत बसले. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेममधली सरकारी घार सरळच होती. पण अंगावरचे बिल्ले कॅम्पच्या फाटकाबाहेरचा एक शिंपी करायचा, आणि त्याच्या हातून तो पंख दरवेळी कलायचाच. आधी सगळे हसले. पुढे म्हणायला लागले, आपली घार वळण घेतेय. एका नव्या साहेबाने सरळ पंखांचे बिल्ले मागवले, तर ते कुणी घालेना.

"व्याहीबुवा, वाकडं काम माझ्या हातून व्हायचं नाही," मी म्हणालो.

"मग तसाच जाईन मी, बिल्ल्याशिवाय." चहा मागवला होता, तोही न घेता ते उठले.

नाहूरला घरी आल्यावर बायकोने माझी चांगलीच खरडपट्टी काढली. लेकीच्या सासऱ्याला असं पाठवतात का, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कापड ताणलं. पण पंखापाशी आलं की हात आपोआप सरळ जायचा. उसवलं, परत बसलो, परत तेच. शेवटी रिंगच उलटी फिरवली, डोकं खाली, पाय वर. तशी ती घार दिसेनाच, नुसत्या रेषा दिसायला लागल्या. रेषेमागून मग हात निमूट गेला.

शनिवारी मीच मुलुंडला गेलो. व्याही त्या पंखावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी विहीणबाईंना जाकीट आणायला सांगितलं. बिल्ला मीच टाचून दिला.

टाचण्याआधी त्यांनी तो उलटून पाहिला होता. माझ्या प्रत्येक कामाच्या मागे लाल दोऱ्याचा एक बारीक टाका असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

"तुमची खूण राहिली की."

"राहिली नाही, घातली नाही," मी म्हणालो. "काम त्या शिंप्याचं आहे."