आईच्या स्मरणार्थ एक डोळा

थोरलीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ म्हातारीच्या उशाशी असे, पण ते वाजायच्या आधीच म्हातारी जागी असायची. "ऊठ. तुझ्या चादरी वाट बघतायत," असं म्हणून ती लेकीच्या पांघरुणाचं टोक चाचपडत शोधायची आणि ओढायची.

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री होती. वर काय थाट आहे ते थोरलीने कधी पाहिलं नव्हतं. तिच्यापर्यंत फक्त चादरी पोचत. मशीनमधून निघालेली चादर ही चादर नसते, ओझं असतं. ती उपसताना मनगटाचा जोर लावून चालत नाही, कंबरेचा लावावा लागतो. हे ज्याला पहिल्या महिन्यात कळत नाही तो दुसऱ्या महिन्यात काम सोडतो. थोरलीला कळलं होतं. तिच्यादेखत तीन मुकादम बदलले, ती होती तिथेच राहिली.

इस्त्रीच्या मोठ्या रोलरला दोन बाया लागतात. एकीने चादरीची टोकं ताणून रोलरच्या तोंडात द्यायची. दुसरीने पलीकडे उभं राहून ती बाहेर आली की धरायची, झटकायची, घडी घालायची. देणारीचे खांदे भरून येतात. धरणारीचे हात भाजतात, कारण चादर येते ती तव्यावरून उतरल्यासारखी, आणि वाफ थेट तोंडावर. म्हणून अर्धी पाळी एकीने गरम बाजूला उभं राहायचं, अर्धी पाळी दुसरीने. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडत नसे.

रोलरवरची थोरलीची जोडीदारीण घराचीही शेजारीण. तिला सगळे काडी म्हणत. अंगाने तशी, आणि लावायलाही तशीच. काम मात्र चोख. तिने दिलेल्या चादरीला कधी चुणी पडली नाही.

काडीनेच थोरलीला त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. एका नटाच्या चाहत्यांचा ग्रुप. नटाला सगळे दादा म्हणत. दादा पडद्यावर दहा जणांना लोळवायचा, पण ग्रुपला वेड होतं त्याच्या आवाजाचं. मुलांच्या एका कार्टूनमध्ये त्याने म्हाताऱ्या कासवाला आवाज दिला होता, आणि त्या कासवाच्या गोष्टी फोनवर ऐकायला मिळत. दुसरं कौतुक त्याच्या संस्थेचं. ती गरिबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं फुकट करायची. ग्रुपवर दिवसभर हेच चाले.

"कासवाच्या आवाजाचे दादांनी पैसे घेतले नाहीत."

"घेतले. घेऊन संस्थेला दिले. माहीत नसेल तर लिहू नये."

"काका, तुम्ही चेक बघितलात का?"

"मी दादांना बघितलंय. विमानतळावर. पाठमोरे."

"म्हणजे चेकही पाठमोराच बघितला असेल."

हे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कोणी हसलं की ते दोन दिवस रुसत आणि तिसऱ्या दिवशी दादांचा जुना फोटो टाकून परत येत. थोरली जेवणाच्या सुट्टीत हे सगळं वाचायची आणि एकटीच हसायची. तिच्या दिवसात हसण्याची तेवढीच जागा होती.

ग्रुपवर तिने आपलं नाव शुभ्रा ठेवलं होतं आणि हॉटेलात सुपरवायझर आहे असं लिहिलं होतं. काडीने ते वाचलं, तेव्हा रोलरपलीकडून ओरडली, "सुपरवायझर बाई, चादर धरा, जळतेय."

घरी म्हातारीचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. लाकूड फोडताना ढलपी उडाली होती. उजव्यात आता मोतीबिंदू होता. डॉक्टरने थोरलीला स्पष्ट सांगितलं होतं, "पिकत चाललाय. फार रेंगाळलात तर आतल्या आत फुटेल. मग काढूनही उपयोग नाही. आणि हा एकच आहे, लक्षात ठेवा."

"दादांच्या संस्थेत सांग की," काडी म्हणाली. "फुकटात होईल."

"सुपरवायझरची आई फुकटच्या रांगेत बसते का?"

"मग सुपरवायझर व्हायला तुला कोणी सांगितलं होतं?"

 थोरली जादा पाळ्या करू लागली. सुट्टीच्या दिवशी गालिचे धुवायला जाऊ लागली. ओल्या गालिच्यापुढे ओली चादर म्हणजे रुमाल. जादा पाळीचा सगळा पैसा एका पत्र्याच्या डब्यात जाई. म्हातारी डबा हलवून बघायची. "नोटा वाजत नाहीत गं," थोरली म्हणायची. "जड लागतात," म्हातारी म्हणायची. डबा जवळजवळ भरत आला होता. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

तेवढ्यात ग्रुपच्या ताईने एका दुपारी फर्मान काढलं. ताई म्हणजे ग्रुपची मालकीणच. दागिन्यांचं दुकान होतं तिचं. दादांच्या ऑफिसात तिचा फोन उचलला जाई. तिने लिहिलं, "वर्षभरात ज्यांनी संस्थेला एक पैसा दिला नाही त्यांना मी काढणार आहे. आवाज फुकट ऐकायचा आणि हात आखडायचा, असले चाहते दादांना नकोत."

"फुकट्यांना हाकला," काकांनी लिहिलं. खाली टाळ्यांची रांग लागली. मग ताईचा मेसेज आला, "शुभ्रा, तुम्ही तर सुपरवायझर ना? तुमचं काय?"

थोरली घरीच होती. तिने लिहिलं, आई आजारी आहे. मग पुसलं. आजारी म्हटलं की लोक विचारणार काय होतंय, आणि डोळा म्हटलं की म्हणणार आण संस्थेत. समोर म्हातारी हाताच्या अंदाजाने मटार सोलत बसली होती. थोरलीने लिहिलं, "गेल्या आठवड्यात माझी आई वारली. म्हणून जमलं नाही." आणि पाठवून दिलं.

 हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. काकांनी लिहिलं, आईसारखं दैवत नाही. ताईने जाहीर माफी मागितली. इतक्या वर्षांत थोरलीला कोणी एवढं गोड बोललं नव्हतं. तिने सगळे मेसेज पुन्हा वाचून काढले.

दुसऱ्या दिवशी काडी रोलरच्या देणाऱ्या बाजूला आधीच उभी होती.

"आई वारली म्हणे."

थोरली गरम बाजूला जाऊन उभी राहिली.

"परवा तर माझ्याकडून वाटीभर साखर नेली तिने. वरही चहाच पितात वाटतं."

"हळू बोल."

"मी कशाला बोलू? मी गप्पच आहे." काडीने चादर ताणली. "फक्त अर्ध्या पाळीला मी इथून हलणार नाही. उद्याही नाही. गप्प बसायला बरी जागा आहे ही."

त्या दिवसापासून गरम बाजू पूर्ण पाळी थोरलीकडे आली. बोटांच्या टोकांची साल निघू लागली. घडी घालताना पांढऱ्या चादरीला रक्ताचा ठिपका लागला की ती चादर पुन्हा धुवायला जाई आणि मुकादम तिच्याकडे बघे.

त्याच आठवड्यात ग्रुपवर दादांचा आवाज आला. ताईने ऑफिसात सांगून खास रेकॉर्ड करून घेतला होता. कासवाचाच तो आवाज, संथ, घशातला. "शुभ्राताई, तुमच्या आई आज आपल्यात नाहीत. पण आई कुठे जात नसते. ती आपल्याला बघत असते."

ग्रुप वेडा झाला. काडीने जेवणाच्या सुट्टीत थोरलीचा फोन घेतला, कानाला लावला, दोनदा ऐकला. ती कितीतरी वर्षं दर महिन्याला पगारातून संस्थेला पैसे पाठवत होती. दादांनी तिला एक शब्द पाठवला नव्हता. तिने फोन परत दिला आणि जेवणाचा डबा न उघडताच कामाला गेली. तोवर काडीला सगळ्याची गंमत वाटत होती. ती तिथे संपली.

घरी थोरली तो आवाज पुन्हा पुन्हा लावायची. म्हातारीने ओळखला.

"कासव बोलतंय. नवीन गोष्ट आहे का?"

"नाही. एका बाईची आई गेली, तिचं सांत्वन करतायत."

"शुभ्रा कोण?"

थोरलीला खोटं सुचलं नाही. कदाचित त्या दिवसात पुरेसं बोलून झालं होतं. "मी," ती म्हणाली.

म्हातारीने भिंतीकडे तोंड वळवलं. तिला भिंत काय आणि लेक काय, सारखीच दिसत होती.

"कशाने गेले मी?"

"ते लिहिलं नाही."

"लिहायला हवं होतंस. लोक विचारतात." मग तिने हात पुढे केला. "परत लाव. आपल्या मरणावर एवढं चांगलं बोललेलं कोणाला ऐकायला मिळतं?"

थोरलीने लावलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं. "बघत असते म्हणतो," ती म्हणाली. "त्याला सांग, आधी डोळा करा म्हणावं. डब्याला हात लावला नाहीस ना?"

"नाही."

"मग मेले तर मेले."

दोनच दिवसांनी काडीने ग्रुपवर लिहिलं, "शुभ्राताईंच्या आईच्या स्मरणार्थ आपण एका गरीब बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन करू या. शुभ्राताईंची तर फार इच्छा आहे. मला स्वतः बोलल्या."

ताईने ते उचलून धरलं. दादा या गोष्टीवर स्वतःच्या आवाजात चित्रफीत करतील, असंही तिने ऑफिसातून कबूल करून घेतलं. काकांनी चहाच्या पैशाएवढा आकडा लिहिला आणि त्याखाली आईवरची कविता टाकली. बाकीच्यांनी हात जोडले. मग ताईने लिहिलं, "मोठा वाटा अर्थात लेकीचा. आपण फक्त पाठीशी. शुभ्रा, बरोबर ना?"

थोरली रोलरपलीकडे उभी होती. काडी चादर देत होती, एकसारखी, चुणी न पाडता.

"का केलंस असं?" थोरलीने विचारलं.

"तुझ्या आईसाठी."

"तुला माहितीये ते पैसे कसले आहेत."

"मग नाही म्हण. लिही की आई जिवंत आहे, घरी बसून साखर खातेय, आणि मी चादरी धरते. लिहून झालं की मला सांग, जागा बदलू."

थोरलीने चादर धरली, झटकली, घडी घातली. दुसरी धरली. पाळी संपेपर्यंत तिने स्वतःला पटवलं की हॉटेलचा गर्दीचा मोसम तोंडावर आहे, जादा पाळ्या मिळतील, डबा परत भरेल. मोतीबिंदू काय, एवढे महिने थांबला तसा अजून थांबेल. तिला ओल्या चादरीचं वजन हाताने कळत असे. या विचारात किती पाणी आहे ते मात्र तिने पिळून बघितलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने डबा उघडला. म्हातारीला झाकणाचा आवाज ऐकू आला.

"मोजतेस?"

"हो."

सकाळी तिने पैसे संस्थेच्या खात्यात भरले आणि ग्रुपवर पावती टाकली. सगळ्यांनी तिला हिऱ्यासारखं मन असलेली बाई म्हटलं. काडीनेही टाळ्या वाजवल्या. गरम बाजू बदलली नाही.

थोरली मोसमभर राबली. ज्या दिवशी गालिचे नसत त्या दिवशी पडदे धुतले. हातांना कापडाच्या पट्ट्या बांधून चादरी धरल्या. डबा तळापासून थोडा वर आला. म्हातारीने तो एकदा हलवून पाहिला आणि खाली ठेवला.  वजन तिला कळलं होतं.

मोसम संपायच्या आत एका सकाळी म्हातारी गजराच्या वेळेला उठवायला आली नाही. ती डोक्याला फडकं आवळून जमिनीवर बसली होती. डोळा लाल झाला होता आणि ती ओकत होती. थोरलीने खाडा केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं आणि दिवा बंद केला.

"आत फुटला. दाब चढून नस गेली. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"आता ऑपरेशन करा. थोडे पैसे आणलेत."

"आता दुखणं कमी करता येईल. नजर येणार नाही." मग तो जरा चिडून म्हणाला, "फुकट करणाऱ्या एवढ्या संस्था आहेत. एवढी काय अडचण होती तुमची?"

म्हातारीने डॉक्टरच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "मी वारले होते," ती म्हणाली.

डॉक्टरला वाटलं म्हातारी भ्रमात बोलतेय. त्याने औषध लिहून दिलं.

दोघी घरी आल्या. थोरलीने म्हातारीला खाटेवर बसवलं. तेवढ्यात फोन वाजत सुटला. ग्रुपवर दादांची चित्रफीत आली होती. एका स्वच्छ खोलीत कोणी अनोळखी बाई, वयाने म्हातारीएवढीच, खुर्चीवर बसली होती. नर्सने तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. वरून कासवाचा आवाज सांगत होता की एका लेकीने आपल्या दिवंगत आईची आठवण अशी जिवंत ठेवली आहे. खाली ताईने, काकांनी, काडीने फुलं वाहिली होती.

"काय करतेय ती बाई?" म्हातारीने विचारलं.

"तिच्या हातात सुईदोरा दिलाय."

"ओवला?"

"दुसऱ्यांदा ओवला."

"सांभाळून वापर म्हणावं तिला," म्हातारी म्हणाली. "महाग पडलाय." आणि ती भिंतीकडे वळून आडवी झाली.

थोरलीने पट्ट्या बांधलेल्या हाताने चित्रफीत पुन्हा लावली, आवाज बंद करून. बाई शेजारी कोणाला तरी सुई दाखवत होती आणि हसत होती. थोरलीने तिच्या वाट्याला आलेला तो उजवा डोळा नीट पाहून घेतला. चांगला झाला होता.