पाट्यावर उतरवलेला इजिप्त

१७ जानेवारी २००२. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर पाटा घासायला घेतला. पुण्याहून सामानातून आणलेला, टाकी लावून घेतलेला काळा पाटा. कोरडा झाल्यावर त्यावर गेरूने चार फुले काढली, वर ओला टीपकागद पसरला आणि कपड्यांच्या ब्रशने ठोकून ठोकून टाकीच्या खळग्यांत बसवला. मग तो कागदासकट गॅलरीत उन्हात ठेवला.

संध्याकाळी दुबईतल्या आमच्या वाचन मंडळात मी बोलणार होते. मंडळात बहुतेक इंग्रज बायका. इजिप्त पाहायला गेलेले जुने इंग्रज प्रवासी आणि त्यांची पुस्तके, हा विषय मी हट्टाने मागून घेतला होता. अध्यक्षबाईंनी सुचवला होता भारतीय स्वयंपाक. आज फसले असते तर पुढे कायम लोणची आणि मसालेच माझ्या वाट्याला आले असते.

अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून पाटा लिफ्टपर्यंत नेताना नवऱ्याने विचारले, "मिक्सर नेला तर चालणार नाही का?" मुलगी म्हणाली, "ममा, प्लीज. दे विल लाफ."

मंडळात मी सांगितले, की हे प्रवासी नाईलमधून नावेने जात, घरी लांबलचक पत्रे लिहीत, त्यांचीच पुढे पुस्तके होत. देवळांच्या भिंतींवरची कोरीव चित्राक्षरे त्यांच्यातले काही जण असाच ओला कागद ठोकून उतरवून घेत. इंग्लंडातले अभ्यासक त्या कागदांवरून वाचायला बसत. पुढे काही भिंती पडल्या, कागद तेवढे राहिले. पण कागदांनी भिंतींचे रंगही नेले.

"रंग कसे नेतील?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते तर फक्त टिपून घेत होते."

मी पाट्यावरचा वाळलेला कागद एका कोपऱ्यातून उचलला. मध्येच तो अडकला. फाटतो की काय असे वाटले. मग सोलून निघाला. टाकीचा ठिपका न् ठिपका त्यावर उठला होता, आणि चारही फुले कागदाला लागून आली होती. पाट्यावर उरले फिकट डाग.

कागद हातोहात फिरला. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"पुढच्या महिन्यातही तुम्हीच बोला," त्या म्हणाल्या. "विषय तुम्ही ठरवा."

विषय तयारच होता, आणि तो स्वयंपाकाचा नव्हता. तिथेच सांगून टाकला.

परतताना नवऱ्याने पाटा न कुरकुरता उचलला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. सकाळी उठून पाट्यावरचा उरलासुरला गेरू घासून काढला आणि त्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली.