पहिलं नाव सरांचं

मित्रांनो, दुपारपासून डोकं ठणकतंय. बाबांची मिल बंद पडली तेव्हा माझं शिक्षण सुटलं. आता भंवरकुआं चौकातल्या सायबर कॅफेत टायपिंग करतो.

आज पीएचडी करणारी सीमाताई आली. तिला फ्लुइड डायनॅमिक्सच्या, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहावरच्या, कॉन्फरन्ससाठी आपल्या शोधनिबंधाचा सारांश पाठवायचा होता. म्हणाली, माझ्या गाईड सरांचं नाव आधी टाक, माझं नंतर.

"ताई, इथे फॉर्मवर लिहिलंय, पहिलं नाव ज्याचं, तोच तिथे बोलणार."

"अरे भैया, सरांना माझ्या खाली टाकू? तू टाक ना, बस!"

टाकलं, पाठवलं. कॉन्फरन्सवाल्यांचं लगेच उत्तर आलं: निबंध सर मांडतील, आता बदल होणार नाही.

ताईचा चेहरा उतरला. "सरांना कसं सांगू, मला बोलायचं होतं?"

तीन वर्षं प्रयोग हिने केले, आणि एवढं एक वाक्य बोलवत नाही! तुम्ही सांगितलं असतं का?